मॅट्रिक : नोंदवहीतलं नाव ते 'मॅट्रिक फेल'

वहीतलं_पान (धागाकर्ता)

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-अर्जांच्या संकेतस्थळावर, योजनेचं नाव अजूनही 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती' असंच आहे. नौदलाच्या भरतीत 'एमआर' म्हणजे मॅट्रिक रिक्रूट. पासपोर्टवर ईसीआरची (परदेशी नोकरीला जाताना लागणाऱ्या सरकारी मंजुरीची) भानगड नको असेल तर निदान मॅट्रिक पास पाहिजे. आणि मॅट्रिक नावाची परीक्षा? मुंबई इलाख्यात १९४९ साली पहिली एस.एस.सी. झाली आणि मॅट्रिकचा कारभार आटोपला. त्या परीक्षेला बसलेले जे कोणी आज हयात असतील ते नव्वदीपुढचे. अर्ज मात्र आपण तिच्याच नावाने भरतोय.

थोडं खोदून बघितलं, ते इथे टाकतो.

शब्द लॅटिन. मातेर म्हणजे आई. त्यावरून मात्रिक्स : आधी वीण देणारी मादी, मग गर्भाशय, आणि पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये चक्क नोंदवही. तिचं लघुरूप मात्रिकुला, म्हणजे छोटी नोंदवही, नामावली. तिच्यात नाव चढवणं म्हणजे मॅट्रिक्युलेशन. यात परीक्षेचा वासही नाही. ऑक्सफर्डमध्ये आजही तो जुना अर्थ टिकून आहे. नवी मुलं काळे-पांढरे ठरीव कपडे आणि गाऊन घालून शेल्डोनियन सभागृहात बसतात, कुलगुरू लॅटिनमध्ये सांगतात की तुमची नावं आज विद्यापीठाच्या मात्रिकुलात दाखल झाली, की झालं मॅट्रिक्युलेशन. कोणी नापास होत नाही.

मग आपल्याकडे घाम कुठून फुटला? लंडन विद्यापीठातून. १८३६ साली स्थापन झालेलं ते विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या विद्यापीठाने. मुलं कुठून कुठून येणार, तेव्हा नाव दाखल करून घेण्याआधी त्यांची परीक्षा घ्यायची असं ठरलं. १८५४ च्या वुडच्या खलित्याने (कंपनी सरकारला शिक्षणाबद्दल आलेल्या आदेशपत्राने) हाच नमुना हिंदुस्थानसाठी पसंत केला आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास ही तिन्ही विद्यापीठं त्याच बेताने निघाली. मुंबईची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ ची. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली पहिले चार बी.ए. बाहेर पडले : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

म्हणजे मॅट्रिक ही शाळेची परीक्षा नव्हतीच. ती विद्यापीठाची होती, दारावरची. शाळेला मात्र तीच शेवटची वाटायची, कारण बहुतेकांचं शिक्षण तिथेच थांबायचं. तुमच्या घरी, गावात हा शब्द कसा वापरला जायचा ते लिहा.

दामूअण्णा

चांगला विषय काढलात. एक घोळ आधीच निस्तरतो, नाहीतर इथे लोक 'मॅट्रिक म्हणजे दहावी' म्हणून मोकळे होतील.

आमच्या मुंबई इलाख्यात मॅट्रिक म्हणजे अकरावी. हिशेब असा : मराठी चार यत्ता, मग इंग्रजी पहिली ते इंग्रजी सातवी. चार आणि सात अकरा. इंग्रजी सातवी म्हणजेच मॅट्रिकचा वर्ग. दुसरीकडे, जे इंग्रजी शाळेत गेलेच नाहीत ते मराठी पाचवी, सहावी, सातवी करून व्हर्नाक्युलर फायनलला बसत. तिला सगळे नुसतं 'फायनल' म्हणत. फायनल झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकत असे.

तेव्हा जुन्या कागदावर 'सातवी पास' दिसलं तर लगेच कीव करू नका. मराठी सातवी की इंग्रजी सातवी, ते बघा. आमच्या नात्यात एका गृहस्थांच्या पेन्शनच्या कागदांवर एवढ्यावरून खल झाला होता. कारकून पोरसवदा, त्याला वाटलं म्हातारा सातवीतून शाळा सोडलेला. म्हातारा मॅट्रिक!

आणि दहावी-अकरावीचा दुसरा घोळ १९७५ चा. त्या वर्षी जुन्या अकरावीची एस.एस.सी. आणि नव्या १०+२+३ आकृतिबंधातली दहावीची एस.एस.सी. दोन्ही झाल्या. एकाच घरातली थोरली आणि धाकटी एका वर्षी एस.एस.सी. झाल्याचं मी पाहिलंय. थोरलीचा संताप अजून गेलेला नाही.

खोडरबर

मातेरपासून मॅट्रिक आणि मातेरपासूनच मॅट्रिमोनी. म्हणजे 'वधू मॅट्रिक, गृहकृत्यदक्ष' या जाहिरातीत एकच आई दोनदा आली की!

वहीतलं_पान

@खोडरबर, विनोद राहू द्या, व्युत्पत्ती अगदी बरोबर आहे. शिवाय अल्मा मातेरमधली (आपण शिकलो ती संस्था) मातेर हीच. गणितातलं मॅट्रिक्सही त्याच घरातलं. सिल्व्हेस्टर या गणितज्ञाने १८५० साली ते नाव दिलं, कारण त्या चौकटीच्या पोटातून डिटरमिनंट निघतात.

वेदवाणी

एवढं लॅटिनपर्यंत जायची गरजच काय? संस्कृतमध्ये 'मातृका' आहे. मातृका म्हणजे वर्णमाला. वर्णमाला शिकलेला तो मातृक, त्याचं मॅट्रिक. इंग्रजांनी आपलाच शब्द उचलून आपल्यालाच परत विकला.

शब्दवेडी

@वेदवाणी, मातृका म्हणजे वर्णमाला हे खरं. मातृ आणि मातेर एकाच आद्य भाषेतून आलेत, सख्खी भावंडं म्हणा, हेही खरं. पण भावंड असणं वेगळं आणि उसना घेतलेला असणं वेगळं. मात्रिकुला हे रूप युरोपात मध्ययुगात चर्चच्या आणि विद्यापीठांच्या नोंदवह्यांसाठी सर्रास वापरात होतं, इंग्रजीत मॅट्रिक्युलेट हे क्रियापद सोळाव्या शतकात आलं. तेव्हा संस्कृत येणारे इंग्रज होते कुठे? आणि 'मातृक' या शब्दाचा 'वर्णमाला शिकलेला' असा अर्थ कोणत्या कोशात आहे ते कळवा. आईकडून आलेलं ते मातृक, एवढंच मला माहीत आहे.

वेदवाणी

कोश इंग्रजांच्या शिष्यांनीच केलेत.

शब्दवेडी

मग आपला वाद संपला. :)

नेकारकाठी

जर्मनीतून लिहितेय. इथे हा शब्द अजून धडधडीत जिवंत आहे आणि परीक्षेशी त्याचा काडीचा संबंध नाही. विद्यापीठात नाव नोंदवणं म्हणजे इमाट्रिकुलाट्सिओन. त्या नोंदीचा जो क्रमांक मिळतो तो माट्रिकेलनुमर. उत्तरपत्रिकेवर, ग्रंथालयात, सगळीकडे तोच टाकायचा. विद्यापीठ सोडलं की नाव काढून टाकतात, ते एक्समाट्रिकुलाट्सिओन. सत्राचे पैसे मुदतीत भरले नाहीत तरी नाव कापलं जातं. नाव कापलं की विद्यार्थ्यांचा सवलतीचा विमा जातो, बस-ट्रामचं तिकीट जातं, व्हिसाचीही पंचाईत होते. त्यामुळे आमच्या मराठी ग्रुपवर दर सहामाहीला 'पैसे भरलेस का गं' अशी आठवण फिरते.

आईला पहिल्यांदा फोनवर 'माझं इमाट्रिकुलाट्सिओन झालं' असं सांगितलं तर म्हणाली, "अगं, एम.एस्सी. होऊन मॅट्रिकला काय बसतेस!"

मांडवीकर

नमस्कार, पणजीहून. आमच्याकडे पोर्तुगीज काळात शिक्षणाची वाटच निराळी. प्राथमिकचे प्रिमेरु ग्राव, सेगुंदु ग्राव, पुढे लिसेव, म्हणजे माध्यमिक शाळा. ज्यांना मुंबईत नोकरी करायची ते इंग्रजी शाळेत जाऊन मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसत. मॅट्रिक झाला म्हणजे आता हा मुंबईला जाणार, असंच लोक धरून चालत.

पण खरी गंमत वेगळीच. गोव्यात जमिनीच्या जुन्या कागदांत 'मात्रीज' म्हणून एक क्रमांक असतो. अमुक मिळकत तालुका महसूल कार्यालयात मात्रीज क्रमांक इतका म्हणून नोंद आहे, असं विक्रीखतात आजही लिहितात. ही मात्रीज म्हणजे महसुलाची नोंदवही. लॅटिन मात्रिक्सचंच पोर्तुगीज रूप. तुम्ही वर लिहिलेला 'नोंदवही' हा अर्थ वाचला आणि घरातल्या खतपत्रांत रोज दिसणारा शब्द एकदम उलगडला. पोर्तुगीजमध्ये गाडीच्या नंबराला आणि शाळेतल्या नावनोंदणीलाही मात्रीकुलच म्हणतात. म्हणजे घर, गाडी, पोर, सगळं एका वहीत.

वहीतलं_पान

@मांडवीकर, मात्रीजचं हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. धाग्याचं सार्थक झालं.

गोदातीर

मुंबई इलाखा म्हणजे महाराष्ट्र नव्हे, याची कृपया नोंद घ्यावी. आम्ही मराठवाड्यातले. आमच्या वडीलधाऱ्यांची मॅट्रिक उस्मानिया विद्यापीठाची, निजामाच्या राज्यात, उर्दू माध्यमातून. इतिहास उर्दूत, गणित उर्दूत. घरी मराठी, शाळेत उर्दू, देवघरात संस्कृत. त्या पिढीची सही बघा, कित्येकांची उर्दूत असायची. विदर्भही तेव्हा मध्य प्रांतात, त्यांचं बोर्ड नागपूरला. त्यामुळे १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तेव्हा 'मॅट्रिक' म्हणवणारे तीन जण एका बाकावर बसले तर तिघांनी तीन वेगळ्या परीक्षा दिलेल्या असत. पुण्याचं राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ ला सुरू झालं.

शब्द तेवढा तिघांचा एक, आणि ऐटही एक.

दामूअण्णा

@गोदातीर, मान्य. मी मुंबई इलाखा असंच म्हटलं होतं हो.

बाकी ऐट म्हणाल तर ती होतीच. जुनी मॅट्रिक म्हणजे आजचा बी.ए. इंग्रजी असं लिहीत की वाचत राहावं. तर्खडकरांची इंग्रजी शिकायची पुस्तकं पाठ, हस्ताक्षर मोत्यासारखं. आताच्या दहावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्याला साधा रजेचा अर्ज लिहिता येत नाही.

तिसरी_घंटा

हे आलंच. प्रत्येक धाग्यात येतं.

दामूअण्णा, आदर ठेवून सांगते : तुम्ही जे पास झाले त्यांचंच हस्ताक्षर बघताय. जे बसलेच नाहीत, त्यांची वही कुठाय? बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले तेव्हा परळला सभा भरवून सत्कार झाला. अध्यक्ष सीताराम केशव बोले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. एका मुलाने शाळेची परीक्षा दिली म्हणून सभा का भरवावी लागली, ते जरा मनात आणा. पन्नास वर्षं परीक्षा चालू होती आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातून मॅट्रिक होणं इतकं दुर्मीळ होतं, म्हणून.

पुढे केळुसकरांनी खटपट केली, सयाजीराव गायकवाडांनी महिना २५ रुपये दिले, म्हणून ते कॉलेजात गेले. धागाकर्त्यांनी सुरुवात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नावापासून केली आहे. मॅट्रिकनंतर काय, हा प्रश्न पैशाचा होता आणि आहे. केंद्राची अनुसूचित जातींसाठीची ही योजना १९४४ सालची, मॅट्रिक प्रत्यक्ष चालू असतानाची. नाव तेव्हाचं, ते तसंच पुढे चालत आलं. 'परीक्षा गेली तरी नाव कसं' याचं उत्तर माझ्या मते एवढंच आहे.

वहीतलं_पान

@तिसरी_घंटा, १९४४ चा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता. पटला.

दामूअण्णांच्या मुद्द्यावर माझंही थोडं. जुनी मॅट्रिक अवघड होती यात शंका नाही, पण अवघडपणा कशाचा होता ते बघायला हवं. ती परीक्षा विद्यापीठाला विद्यार्थी निवडायला हवी म्हणून काढलेली. शाळेने काय शिकवायचं ते मग उलट्या दिशेने ठरलं. कॉलेजात इंग्रजीतून शिकायचंय, म्हणून मॅट्रिकला इंग्रजी, म्हणून इंग्रजी पहिलीपासून घोकंपट्टी. ज्याला कॉलेजात जायचंच नाही, दुकान सांभाळायचंय किंवा शेती बघायचीय, त्याच्याही मानगुटीवर तोच अभ्यास.

धोंडो केशव कर्वे यांचं उदाहरण घ्या. सरकारी नोकरीसाठीची मराठी परीक्षा द्यायला ते मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि चण लहान, वय कमी दिसतं म्हणून त्यांना परत पाठवलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढचं फारसं कोणी सांगत नाही : मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडलं, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. एवढा बुद्धिमान माणूस तेवीसाव्या वर्षी दारातून आत. गणिताचा प्राध्यापक झालेला माणूस हा!

१९४९ च्या बदलाला म्हणून मी महत्त्व देतो. परीक्षा विद्यापीठाकडून काढून वेगळ्या बोर्डाकडे दिली आणि नाव बदललं. मराठीत तर फार नेमकं झालं : शालान्त. म्हणजे शाळेचा शेवट. आधी त्याच जागी 'प्रवेश' होता. आता कागदोपत्री तरी मान्य झालं की शाळा हीच एक पुरी गोष्ट आहे, ती कॉलेजची ओसरी नाही. लोकांनी मात्र 'शालान्त' कधी तोंडात घेतला नाही. आधी मॅट्रिक, मग एस.एस.सी., मग नुसतं दहावी. आणि दहावीलाही आपण पुढच्या प्रवेशाचे टक्के म्हणूनच बघतो, ते सोडा.

खोडरबर

'मॅट्रिक फेल' राहिलं की. जगात कुठे नापास होणं ही पदवी असते? आमच्या चाळीत एका बिऱ्हाडाच्या पाटीवर नावापुढे 'बी.ए. (फेल)' होतं. शपथेवर सांगतो.

शब्दवेडी

हसू नका, त्याला बाजारात किंमत होती. नॉन-मॅट्रिक म्हणजे तिथवर पोचलाच नाही असाही असू शकतो. मॅट्रिक फेल म्हणजे मॅट्रिकच्या वर्गापर्यंत शिकलाय, इंग्रजी वाचता येतं, पत्ता लिहिता येतो, एखादा विषय राहिला एवढंच. पेढीवर, गिरणीच्या हजेरीखात्यात तेवढं पुरायचं. सगळ्या विषयांत पास झाल्याशिवाय पास नाही, या नियमाने एका गणितापायी माणूस जन्मभर 'फेल' राहायचा. शिकलेलं वाया गेलेलं नाही असं सांगायचा तो एक मार्ग होता.

करवीर_निवासी

पाकिस्तानात नववी-दहावीला अजून 'मॅट्रिक'च म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत बारावीला. तिथे मुलं नटूनथटून 'मॅट्रिक डान्स'ला जातात. तामिळनाडूत शाळांच्या नावातच 'मॅट्रिक्युलेशन स्कूल' असतं. एक शब्द, तीन इयत्ता.

आमच्याकडे मॅट्रिकला 'मेट्रिक' म्हणणारे होते आणि १९५७ साली दशमान पद्धतीचे नवे पैसे आले तेव्हा 'आता रुपयापण मेट्रिक झाला' म्हणायचे. खरं-खोटं देव जाणे, आजोबा सांगायचे.

निवृत्त_लेखनिक

बरेच दिवस वाचतोय, लिहायचा कंटाळा. पण वर सगळ्यांनी नोंदवही नोंदवही म्हटलंय, तेव्हा राहवत नाही. आयुष्य त्या वहीवर गेलंय.

तुमची ती मात्रिकुला प्रत्येक शाळेत आहे. जनरल रजिस्टर. सरकारी मराठीत प्रवेश-निर्गम नोंदवही. जाड पुठ्ठ्याची, लांबट, दोन्ही हातांनी उचलावी लागते. डावीकडून रकाने : रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, सोडल्याची तारीख, कारण, शेरा. तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जो रजिस्टर नंबर असतो तो इथला. खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती करायची तर परवानगी, मग लाल शाई आणि मुख्याध्यापकांची सही.

जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली या. १ जून, १ जून, १ जून. अख्खी आळी एकाच दिवशी जन्मलेली. आई सांगायची, पोळ्याच्या आसपास झाला, नाहीतर मोठा पूर आला त्या साली. गुरुजी पोराकडे बघून वर्ष ठरवायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून टाकायचे. माझ्या स्वतःच्या दाखल्यावरही तेच आहे आणि मी त्याच तारखेच्या हिशेबाने निवृत्त झालो.

जुनी पानं मोडीत आहेत. एके काळी ती वही कपाटाच्या तळाशी कसर खात पडायची. जात पडताळणी सुरू झाल्यापासून तिला भाव आलाय. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. लोकांचे आजोबा-पणजोबा या वहीत सापडतात. पणजोबा पहिलीत चार महिने बसले आणि गुरं राखायला गेले, 'कारण : गैरहजर' एवढाच शेरा. पण त्या चार महिन्यांची एक ओळ आहे म्हणून पणतूला जात वैधता प्रमाणपत्र मिळतं. मॅट्रिकचं प्रमाणपत्र असलेला पणजोबा शंभरात एखादा. रजिस्टरला नाव असलेले पुष्कळ.

तिसरी_घंटा

काका, लिहायचा कंटाळा करत जाऊ नका.

गोदातीर

@निवृत्त_लेखनिक, एक विचारू का? माझ्या आजोबांची शाळा जिल्हा परिषदेत विलीन झाली, जुनं दप्तर बहुधा उर्दूत आहे. उतारा कुठे मागायचा? आणि उर्दू नोंद पडताळणी समिती घेते का?

निवृत्त_लेखनिक

आधी आत्ता त्या जागी जी शाळा आहे तिच्या मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, 'प्रवेश-निर्गम उतारा मिळणेबाबत' असा विषय टाका. आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, अंदाजे कोणत्या साली शाळेत होते ते लिहा. दोन-तीन वर्षं मागे-पुढे शोधायला सांगा, वयाच्या नोंदी ढिल्या असतात. तिथे नाही मिळालं तर दप्तर कुठे वर्ग केलं ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. तोंडी 'नाही' ऐकून परत फिरू नका. उर्दू किंवा मोडी असली म्हणून नोंद बाद होत नाही, मूळ पानाची साक्षांकित प्रत आणि जाणकाराकडून केलेलं मराठी भाषांतर, दोन्ही जोडा. फोटो काढायची परवानगी मिळाली तर अख्ख्या पानाचा काढा, नुसत्या ओळीचा नको. वरखालच्या क्रमांकांवरून नोंद खरी आहे ते कळतं.